पांढरी डबी आणि कचरूचा उजवा हात

कचरू सोनवणे आन मी एकाच बसमधनं कामाला जायचो. पिंपळीच्या फाट्यावर कंपनीची बस यायची आन लोणी देवकरला नेऊन टाकायची. माणूस लई चिडका. बस उशिरा आली की ड्रायव्हरवर चिडायचा, वेळेत आली की म्हणायचा, "आज काय सासुरवाडीला जायचंय का रं?" पण पत्र्याचं भाग पाडायच्या प्रेसपाशी उभा राहिला की गडी निवायचा. पत्रा साच्यात घालायचा, डोक्याच्या वरचं हँडल ओढायचं, भाग खाली पडायचा. त्या एका हँडलवर त्यानं दोन पोरं शिकवली. शिकवली म्हंजी काय, थोरली करुणा दौंडाला दिली आन धाकला विकी बारामती एमआयडीसीत डेअरीला लागला.

उन्हाळ्यात कचरूच्या अंगावरनं वारं गेलं. सकाळी अंघोळीचा तांब्या हातातनं पडला आन पाठोपाठ तोबी पडला. पाय आला माघारी, वाचाबी आली. उजवा हात मातूर खांद्यापासनं लोंबाय लागला. कंपनीच्या साहेबानं माणुसकी दाखवली, खोटं कशाला बोलू. म्हणाला, दिवाळीपतोर जागा धरून ठेवतो. आमचा डॉक्टर बघंल. हात हँडलपतोर पोचला तर या, न्हायतर घरी बसा.

घरी बसा! कचरूला हे सांगणं म्हंजी विहिरीत ढकलणंच. मला म्हणायचा, "सावळ्या, मला घरात ठिवू नगंस बाबा. बायको चतुरा मला चमच्यानं भात भरवती. पुरुषासारखा पुरुष, नाड्याची गाठ मारता येत न्हाय. एकदा का त्या हँडलला हात लागला की मी माणसात आलो."

आता विकीचं सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यापायीच झालं. तसा पोरगा गुणाचा. व्यसन न्हाय, भानगड न्हाय. पण टीव्हीला जोडून खेळायच्या मशीनचं येड. एक लई जबरी मशीन निघालं हुतं, त्यासाठी वरीसभर पगारातनं बाजूला टाकत हुता. त्याचं गुणगान ऐकून आमचं कान किटलं.

"तात्या, ताकद लागती ताकद," मला सांगायचा. "ह्याच्यात गवताची पात न् पात हलती. खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो."

कचरू खाटंवरनं वरडायचा, "आन खेळणाऱ्याच्या कपाळावर कुठं हाय घाम? दोन अंगठं तर हलिवतोस, भाड्या!"

बारामतीच्या दवाखान्यात विकी आन चतुरावयनी कचरूला व्यायामाला न्यायचे. तितं स्वराली म्हणून एक पोरगी हुती, व्यायाम करून घेणारी. तिच्या खोलीत एक जुनी पांढरी डबी टीव्हीला लावलेली. हातात कांडीसारखा रिमोट धरायचा आन खरोखरीचा बॉल टाकल्यागत हात फिरवायचा. पडद्यावर बॉल घरंगळत जाऊन धा बाटल्या पाडायचा. कचरूनं डाव्या हाताचा आधार दिऊन उजवा हात कसाबसा उचलला, झुलवला, आन चार बाटल्या पडल्या. गडी हसला! वारं गेल्यापासनं पहिल्यांदा हसला. चतुरावयनींनी तितंच डोळ्याला पदर लावला.

स्वराली बजावून म्हणाली, "काका, खांद्यातनं. हात खांद्यातनंच आला पाहिजे."

विकीला ती डबी बघून कसंसंच झालं. "आरं, ही म्हातारी-कोतारी खेळायची डबी! चित्रं बघा, सोंगट्यांवाणी." मग त्यानंच मला सांगितलं, की एका काळी बाकीच्या कंपन्या ताकदीमागं धावत हुत्या आन ही कमजोर डबी त्यांच्या पुढं निघून गेली. का, तर कांडी हातात धरली की आजीबी खेळायची. तवाच्या पोरांनी तिला नावं ठेवली, आन घराघरात तीच खपली.

सांगता सांगता पोरगं त्या डबीकडं निरखून बघाय लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुण्याला जाऊन असलीच एक जुनी डबी धुंडून आणली. जबरी मशीनचा नाद सोडला. साठवलेलं कचरूच्या गोळ्या-औषधाला लावलं. ते लेकरू खरंच चांगलं हाय, म्हणून तर जास्त जीव जळतो माझा.

मग काय, सोनवण्याच्या घरात रोज जत्रा! दिवा लागायला विकी डेअरीतनं आला की टीव्ही लागायचा. विहाराकडची पोरं यायची, मी जायचो, करुणा माहेरपणाला आली तर तीबी बसायची. कचरू मागं खाटंवर, अंगावर चादर, हातात कांडी. आमी समदी खाली चटईवर. बाटल्या पडल्या की आरडाओरडा. आज सहा. आज आठ. एक दिवस धाच्या धा पडल्या तवा पोरं नाचली, करुणानं साखर वाटली. विकी मोबाईलवर व्हिडिओ काढून पाव्हण्यांना धाडायचा. दौंडवरनं जावई फोन करायचा, "मामा, आता तुमी आमाला हरवताय!" कचरूचा आवाज चढायचा, "ये की मर्दा, टाक माझ्यासंगं!"

विकीनं हिशोब केला. घरातच एवढा गुण येतोय, तर रजा टाकून दवाखान्याला कशाला जायचं? स्वरालीचा फोन आला तर ह्यानं तिला आकडं सांगितलं. ती म्हणाली, आकडं राहू द्या, त्यांना घिऊन या. ह्यो म्हणाला, व्हय, आणतो. आन आणलंच न्हाय. चतुरावयनी एकदा म्हणाल्या, "शर्ट घालताना हात जडच लागतो रं मला." तर विकी म्हणाला, "आई, तू ओढतीस म्हणून ते हात आखडून धरत्यात." बाईच ती, चुलीकडं वळली.

दिवाळीच्या आधी कचरूला विकीनं मोटारसायकलवर कंपनीत आणलं. इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल, गडी नवरदेवागत आला. गेटवरच्या वॉचमनला डाव्या हातानं सलाम ठोकला. मी मुद्दाम सुट्टी काढून त्याच्यासंगं आत गेलो. त्याच्याच प्रेसपाशी डॉक्टर, साहेब आन आमी तिघं.

डॉक्टर म्हणाला, "मामा, हँडल धरा."

कचरूनं वर बघितलं. हात हालला. मनगट वळलं, बोटं उघडली, एक झटका बसला. पर हात मांडीपाशीच. त्यानं दात खाल्लं, मान ताणली, सगळं अंग डावीकडं कललं. पुन्हा तसाच मनगटाचा झटका. कपाळावर घाम आला. डॉक्टरनं हळूच त्याचा कोपर धरून हात वर नेला, तसा कचरू गुरागत हंबरला. खांदा पार आखडून गेला हुता.

डॉक्टरनं विचारलं, "व्यायाम सोडला हुता का?"

"सोडला? रोज करत्यात!" विकी तडकला. "रोज धाच्या धा! थांबा, दावतो तुमाला, व्हिडिओ हायत माझ्याकडं."

मोबाईल काढला. पहिला व्हिडिओ लावला. टीव्ही, बॉल, बाटल्या, आमचा आरडाओरडा. दुसरा लावला. टीव्ही. तिसरा, टीव्ही. पोरगं भराभरा पुढचं व्हिडिओ उघडाय लागलं. एवढं व्हिडिओ, आन ह्यानं काढलेल्या एकातबी बाप न्हाय! करुणानं काढलेल्या एकात फोन चुकून मागं वळला हुता. त्यात चादर सरकलेली, हात मांडीवर मेल्यागत पडलेला, आन फकस्त मनगट टिचकी मारल्यागत झटकलं. पाठोपाठ आमी समदी वरडलो, "धा!"

डॉक्टरनं बघितलं आन मोबाईल माघारी दिला. आता खांदा सुटणं अवघड हाय, असं तो साहेबाला म्हणाला. साहेब कचरूच्या पाठीवर हात ठिवून म्हणाला, "मामा, घरी आराम करा." झालं. एवढ्यात सगळं झालं.

गेटबाहेर कचरू दगडावर बसला. विकी रडत हुता, त्या डबीला आयमाय काढून शिव्या घालत हुता. असल्या फडतूस मशीनला खांदा कळत न्हाय, ते दुसरं जबरी मशीन घ्याय पायजे हुतं, कॅमेऱ्यानं अख्खं अंग बघणारं पायजे हुतं, असं कायबाय बडबडत हुता. माझं टाळकंच फिरलं. म्हणालो, "गप ए! मुकाट बस."

मग कचरूकडं वळलो. "कचरू, तुला म्हायती हुतं?"

"खांद्यातनं कळ यायची," तो म्हणाला. "एक दिस नुसतं मनगट झटकलं तरी बाटल्या पडल्या. मला वाटलं, पडत्यात म्हंजी हात सुधारतोय. सावळ्या, आरं प्रेसमधी पत्रा न घालता हँडल मारलं तरी भाग मोजायचा काउंटर पुढं सरकतो. कामावरच्या नव्या पोरांना ह्याच्यावरनं मी किती शिव्या घातल्या. आन मीच दिवाळीपतोर रिकामं हँडल मारत बसलो."

विकी त्याच्या पायाशी बसला. "आबा, एकदा सांगायचं तर हुतं."

कचरूनं डाव्या हातानं उजवा हात उचलला, मांडीवर ठिवला आन लेकाकडं बघितलं. आवाजात राग न्हवता, त्येच लई वंगाळ वाटलं.

"सांगायचं काय, विकी? मशीनला डोळं न्हवतं. तुमी समदी तर माझ्यापुढंच बसला हुता, माझ्याकडं पाठ करून."