डॉक्टर बोलेनात

पाचव्या महिन्यात मला डोंगरकड्याहून हिंगोलीला सोनोग्राफीसाठी नेलं. नवरा बाहेर बाकड्यावर बसला, सासूबाई माझ्यासोबत आत आल्या. डॉक्टरांनी आधी लेकराचे ठोके ऐकवले, हसून दोन शब्द बोललेही. मग पोटावरचं यंत्र एकाच जागी थांबलं आणि त्यांचं बोलणंही थांबलं. मला कुशीवर वळवलं, परत उताणं केलं. पडदा त्यांनी हळूच स्वतःकडं फिरवून घेतला.

डॉक्टर गप्प बसले की आमच्याकडं त्याचा एकच अर्थ लावतात. मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी, तशी पाटीच भिंतीवर. म्हणून बायका डॉक्टरचं तोंड बघून ओळखतात. हसला तर पोरगा, गप्प झाला तर पोरगी. सासूबाईंचा चेहरा उतरलेला दिसला, आणि मला त्यांचा असा संताप आला की बाकी कशाची भीतीच सुचली नाही.

शेवटी त्याच म्हणाल्या, "काहून गप झाले, डॉक्टरसाहेब? पोरगी असली तरी चालंल आमाला."

डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "आजी, ते मी पाहिलंच नाही. मघापासून बाळाच्या पाठीचा कणा बघतोय. तुमच्या मुलाला आत बोलवा."