शेंदराखालची शिम

भोईवाड्यातल्या आमच्या गॅरेजमध्ये शेंदूर दोघांना लागायचा, इंजिनाला आणि मारुतीला. डबा एकच. बेअरिंग बसवताना क्रँकवर तेलात कालवलेल्या शेंदराचा पातळ हात द्यायचा, बेअरिंगची टोपी आवळायची, क्रँक फिरवून परत उघडायचं. मऊ धातूवर जिथे लाल उमटेल तिथे उंचवटा, तो तासायचा. लाल सगळीकडे सारखं उमटेपर्यंत हेच. मग शिशाची बारीक तार आत ठेवून टोपी आवळायची आणि चपटी झालेली तार मोजायची, म्हणजे तेलाला किती फट उरली ते कळतं. फट जास्त असेल तर टोपीच्या दोन्ही बाजूंच्या शिमा कमी करायच्या, कमी असेल तर वाढवायच्या. शिम म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याएवढी पितळी पत्री.

हे काम दोघांकडेच असायचं, कोकणातले आमचे हेडमिस्त्री आणि मी. मिस्त्रींनीच मला शिकवलं. ते काम हातचं जाऊ नये, एवढंच माझं आयुष्याकडे मागणं होतं. आणखी काही मागण्याइतका मी खुळा नव्हतो.

रिवाज असा, की शेवटचं आवळण्याआधी बेअरिंगवरच्या शेंदराचं बोट कोनाड्यातल्या मारुतीला लावायचं. मीही लावत आलो होतो. मग छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेतली, आणि परतल्यावर बोट लावणं सोडलं. शेंदूर घासलेटाने लख्ख पुसायचा, टोपी आवळायची, पिना घालायच्या, संपलं. मिस्त्री ते बघायचे.

मिस्त्री वाईट होते असं म्हणायची सोय नाही, याचीच मला जास्त चीड येते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आम्ही दंडात दंड अडकवून चालायचो. परळच्या नाक्यावर लाठ्या चालल्या तेव्हा त्यांनी मला कॉलर धरून एका जिन्यात ओढलं आणि माझ्या वाटणीची लाठी स्वतःच्या पाठीवर घेतली. आपण सगळे मराठी, सगळे एक, हे ते घसा बसेपर्यंत ओरडायचे. ओरडताना त्यांना ते खरंच वाटत असे.

अशाच एका मोर्चाच्या दिवशी मी एका लॉरीचं इंजिन पुरं केलं आणि हातपाय धुवायला नळावर गेलो. दुसऱ्या दिवशी इंजिनाखालचा तेलाचा चेंबर लावला, लॉरी गेली. घाट चढताना बेअरिंग वितळलं. लॉरी दोरीने ओढून आणली. मालकाने सगळ्यांदेखत माझा उद्धार केला.

इंजिन उघडलं तर टोपीच्या एका बाजूची शिमच नव्हती. तेलाला फटच उरली नव्हती. मीच विसरलो असं वाटलं. मग टोपीच्या जोडात शेंदूर दिसला. मी पुसलेल्या जागी शेंदूर कुठून आला? मान वर केली. समोर कोनाडा होता. मारुतीच्या खांद्यापाशी, शेंदरात रुतलेली एक पिवळी कड चमकत होती.

मिस्त्रींना बाजूला नेऊन दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला.

"अरे, तुझ्यासाठीच केलंय तां," ते म्हणाले. "तू बोट लावूक नाय. इंजिनाक काय झालां तर तुझ्यावर येतला म्हणान मीच टोपी उघडलंय, शेंदूर लावलंय, मारुतीक बोट लावलंय. मोर्चाची घाई. शिम बोटाक चिकटली असतली."

"मग मालकांना सांगा."

"सांगतंय. उद्या सांगतंय."

दुसऱ्या दिवशी आलो तर मारुती ताज्या शेंदराने डोक्यापासून पायापर्यंत माखला होता. हात चांगला जाड होता. पिवळी कड कुठेच नव्हती. मालकाने विचारलं तेव्हा मिस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात बरो आसा त्याचो. पण रिवाज मोडल्यान."

माझं डोकं सटकलं. बेअरिंग तासायचा स्क्रेपर उचलून मी म्हणालो, "तो शेंदूर खरवडा. शिम तिथे आहे."

कोणी हललं नाही. मग एकाने शांतपणे विचारलं, "देवाला स्क्रेपर लावणार तू?"

त्या 'तू'चा अर्थ मला कळला. परवापरवापर्यंत मोर्चात माझ्या शेजारी चालणारी ही माणसं. मी स्क्रेपर खाली ठेवला. त्या दिवसापासून मला लॉऱ्यांच्या स्प्रिंगपाट्यांना ग्रीस लावायचं काम मिळालं. संध्याकाळी मिस्त्री दाराशी येऊन म्हणाले, "चल रे, मोर्चाक उशीर होता." मी गेलो. राज्य मलाही हवंच होतं. फक्त त्यांच्या दंडात दंड अडकवला नाही.

राज्य झालं त्या दिवशी मिस्त्रींनी मारुतीला आणखी एक हात दिला आणि मग पेढे वाटले. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "झालो रे आपलो महाराष्ट्र," म्हणाले. पेढ्याला त्यांच्या बोटाचा शेंदूर लागला होता. मी नखाने लाल तेवढं तासून काढलं आणि उरलेला पेढा खाल्ला.