झाकणावरचा 'ज'

मुलुंडच्या आमच्या गाळ्यात एक नियम कुणी लिहून न ठेवताही पाळला जायचा. ज्या डबीच्या झाकणावर सुईने 'ज' कोरलेला असेल, ती पुन्हा उघडायची नाही. 'ज' म्हणजे जयवंत परब, मूळचे देवगडकडचे, तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेले. डबी जमिनीवर आपटली तरी काकांचा सोल्डरचा जोड हलायचा नाही.

सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटच्या आमच्या या डब्या रेडिओ दुर्बिणींत बसतात. ताऱ्याकडून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो, की सर्किट जरा ऊबदार असलं तर त्याच्याच खरखरीत तो बुडतो. म्हणून डबी उणे दोनशे एकोणसत्तर अंशांपर्यंत गार करतात. माझं पहिलंवहिलं डिझाइन मात्र नऊ अंश वर अडकून बसलं होतं. शुक्रवारपर्यंत ते उतरलं नाही, तर गाळा चालवणाऱ्या किरण मॅडम दुसऱ्याचं डिझाइन घेणार होत्या. झाकणावर 'ज' होता, म्हणून डबी न उघडता, सर्किटच तापतंय असं धरून मी तीन आठवडे कॉम्प्युटरसमोर डोकं फोडलं, घरी आईवर खेकसले, एकदा बाथरूममध्ये रडलेसुद्धा.

बुधवारी चहाला काका म्हणाले, "मनाली, ड्रॉइंगमध्ये एवढी केसासारखी वायर कशाला गो लिहिलंस?"

"जाड तांब्यातून बाहेरची ऊब आत शिरते काका. म्हणून बारीक, ब्राँझची."

काकांनी कप खाली ठेवला. "मग चूक माझी. प्रवासात तुटेल म्हणून मी जाड तांब्याची घातली. बाराच्या बारा. तुला बोललो नाय."

मला भयंकर राग आला. पण ते गप्प बसले असते, तर ती डबी कुणीही उघडली नसती, हेही कळत होतं.

गुरुवारी दिवसभर भिंग लावून काकांनी बारीक वायरी जोडल्या. मग सुई माझ्या हातात दिली. "आता 'ज' नको. तू तपास, तुझं नाव घाल."

मी बाराही वायरींचे जोड तपासले. एकातही खोट नव्हती. झाकण लावलं आणि त्यावर 'ज' कोरला, शेजारी 'म'. माझा हात काही काकांचा नाही, दोन्ही अक्षरं वाकडी आली.

शुक्रवारी डबी पुरती गार झाली. आता आमच्याकडे 'ज' असलेली डबीसुद्धा उघडून बघतात. हा नियम काकांनीच घातला आहे, आणि कुणी विसरलं तर ते चिडतात.