वडिलांच्या विहिरीचा ठिपका

चांगली बातमी ऐकून चेहरा पाडणारा माणूस अख्ख्या संभाजीनगरात एकच, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा! औषधांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या या गृहस्थांना रसायनांपेक्षा त्यांचे आकडे मांडण्यात जास्त रस. साधा चहासुद्धा ते साखर, पत्ती आणि उकळी एकदम बदलून करतात आणि आम्हाला गुण द्यायला लावतात. "एकेक बदलत बसलं, तर त्यांचं आपसात कसं जमतं ते कुठं कळतं?" हा त्यांचा सवाल. मेव्हणी म्हणतात, "जमलेला चहा मात्र हे परत करत नाहीत."

निवृत्त झाल्यावर त्यांनी फुलंब्रीकडच्या विहिरी धरल्या. तिथं शेतावर धाकटा भाऊ राहतो. त्याची तान्ही नात वरच्या दुधावर आली होती, आणि त्या दुधाला वडिलांनी खणलेल्या विहिरीचं पाणी चालेल का, हे ठरायचं होतं. साडूंनी आसपासच्या विहिरींचं पाणी आणून तपासलं. क्षार, नायट्रेट, कठीणपणा असे सगळे आकडे एकत्र गुंफून कागदावर प्रत्येक विहिरीचा एक ठिपका काढला. सारखं पाणी जवळजवळ बसतं, म्हणाले. बाकीचे ठिपके वाईट पाण्याच्या कोपऱ्यात घोळका करून होते. वडिलांची विहीर तेवढी लांब, चांगल्या पाण्याकडे एकटी. मी अभिनंदन केलं. साडूंचा चेहरा पडला.

"खडक एकच, शिवार एकच, मग आमचीच विहीर एवढी शहाणी कशी?"

आम्ही दोघं फुलंब्रीला गेलो. इतर बाटल्या साडूंनी स्वतः भरल्या होत्या. घरी मात्र जेवायला बसताना भावजयीला बाटली भरून द्यायला सांगितलं होतं. आता विचारलं तर ती सहज म्हणाली, "दादा, तुम्ही वाटंत प्याल म्हणून जारचं भरलं. पाव्हण्याला मचूळ पाणी कसं द्यावं? तुमच्यासाठीच तर जार आणला होता." साडू हसून हसून बेजार झाले. मग स्वतः पोहरा सोडून त्यांनी पाणी काढलं.

या खेपेला ठिपका मुकाट्यानं शेजाऱ्यांच्या घोळक्यात जाऊन बसला. नायट्रेट फार होतं, तान्ह्या बाळाला धोक्याचं. नातीचं दूध जारच्या पाण्यावर सुरू झालं, आणि बाळ आता चांगलं गुटगुटीत आहे.

विहिरीचा हा निकाल भावाला सांगायला साडू पुन्हा गेले होते, तेव्हाही मी सोबत होतो. भाऊ विहिरीच्या काठावर बसून आत डोकावला. मग म्हणाला, "दादा, आपुन तर ह्याच पाण्यावर वाढलो की."

"व्हय," साडू म्हणाले. "तवाचं पाणी लई चांगलं होतं."

मी शेजारीच बसलो होतो. आकडा विचारायची माझी छाती झाली नाही.