तो सीगल नव्हता

किनारा दिसेनासा झाला होता. होडीतले सगळे डावीकडे डॉल्फिन शोधत होते, मी एकटी उजवीकडे बसले होते. एक मोठा पांढरा पक्षी, पंखांच्या कडा काळ्या, उंचावर क्षणभर थबकला, पंख मिटून सरळ खाली आला आणि पाण्यात गडप झाला. बऱ्याच वेळाने लांबवर वर आला आणि उडून गेला.

"तो कोणता हो?" मी आमच्या पक्षीनिरीक्षण गटाच्या प्रमुखांना विचारलं.

"सीगल असेल, काकू."

"सीगल वरच्यावर खाणं टिपतो. हा पार बुडाला."

"फोटो काढलात?"

"नाही."

"मग तुम्हाला तसं वाटलं असेल," म्हणून त्यांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली.

वाटलं असेल. हे शब्द मला नवे नाहीत. मुलीसाठी स्थळ पाहायला गेलो होतो, तेव्हा पाण्याचा पेला सांडला म्हणून त्या मुलाने स्वतःच्या आईकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी पाहिली होती. परतताना गाडीत सांगितलं, तर सगळ्यांनी हेच ऐकवलं. आता मुलगी कायमची माहेरी आली आहे आणि तेच सगळे म्हणतात, कोणाला कल्पना होती?

मला होती. फोटो नव्हता.

संध्याकाळी दार मुलीनेच उघडलं. "आई, काय दिसलं?"

पिशवी खांद्यावर तशीच ठेवून मी सांगू लागले. पांढरा, मोठा, उंचावरून थेट पाण्यात.

पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले, "सीगल असेल."