आधी पिवळं, मग केशरी, मग लाल

निळगार रंगाऱ्यांची दानम्मा रंग जिभेच्या टोकावर ठेवून बघायची. ओलं कापड उन्हात धरून त्यातून आभाळ पाहायची. कापड रंगवते असं कधी म्हणायची नाही, रंग पाजते म्हणायची. माणसांची नावं विसरायची, त्यांचे फेटे आणि ओढण्या नाही.

लातूर नवा जिल्हा होणार होता. मिरवणुकीत प्रत्येक समाजानं आपापल्या पेहरावात यावं, अशी दवंडी फिरली. तांड्यावरून केवळाबाईचं नाव गेलं. पण दुष्काळी कामावर माती वाहून वाहून तिची लाल ओढणी पार विटली होती. तिनं आरसे उसवून डबीत ठेवले आणि रंगारणीचं दार गाठलं.

"परवा मिरवणूक हाय, अम्मा. असल्या कापडात मी न्हाई उभी राहायची. लोक म्हणतील, लमाणाच्या बाया अशाच भुरकट असत्यात."

"बस, केवळे. पाणी एकच टोप हाय."

त्या पाण्यातून आधी धनगराचा पिवळा फेटा निघाला. मग रंग वाढवून सरदारजींची केशरी पगडी.

"माझं कवा?"

"तुझं लाल आधी काढलं, तर पगडी बी लाल व्हईल. मग सरदारजीला काय तुझ्या तांड्यावर नाचाया धाडू?"

केवळाबाई खुदकन हसली. वाफेत अंगण हलत होतं. दोरीवरचा फेटा वाऱ्यानं फुगला, पगडी लांबच लांब तरंगली. न दिसणारी माणसं मिरवणुकीला आधीच निघाली होती जणू.

ओढणीची पाळी आली तेव्हा टोपात पाणी तळाशी गेलं होतं. दानम्मानं लाल रंग घातला. अर्धीच ओढणी बुडाली. कोरडा भाग खांद्यावर टाकून ती टोपाशी बसली.

"असंच सोडलं तर मधी रेघ पडंल. टँकर आला वाटतं. एक घागर आण, लई उशीर लावू नको."

रांग लांब होती. केवळाबाई भांडली, पुढं घुसली, घागर भरून धावतच आली.

"अम्मा, आणलं गं पाणी."

दानम्मा टोपामागच्या भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले. केवळाबाईनं हाताला हात लावला. हात गार होता. टोपाखालचा जाळ अजून चालू होता.

अर्धी ओढणी रंग पीत होती. उरलेली अर्धी दानम्माच्या खांद्यावर होती, कोरडी.