ब्रुनो पाव्हणा

कुपवाडच्या कारखान्यात कामाला जाणारी ती बाई रोज सकाळी आमच्या फाटकाशी रिक्षाची वाट बघत थांबते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर ती मला आवडतच नाही.

मी आमच्या कुत्र्याला, ब्रुनोला, बाहेर आणलं की ती डब्याची पिशवी आमच्याच फाटकाला अडकवते, एका पायातली चप्पल काढते आणि त्या पायानं त्याचं पोट खाजवते. तो डोळे मिटून उताणा पडतो. त्याला आंघोळ मी घालते, त्याच्या गोचिडी मी काढते, डॉक्टरांकडे मीच नेते. उताणा मात्र तिच्यापुढे!

परवा मी जरा कडकच आवाजात म्हटलं, "ब्रुनो, कम!" तो हलला नाही.

"ऊठ रं, तुझी आई बोलवतीया," ती म्हणाली. लगेच उठला.

मग माझ्याकडे बघून ती हसली. "आवं ताई, घरात समदी मराठीच बोलता न्हवं? मग ह्येच्याशीच इंग्रजी का? ह्यो काय पाव्हणा हाय?"

रिक्षा आली, ती गेली.

संध्याकाळी आसपास कुणी नाही असं बघून मी अंगणात ब्रुनोजवळ उभी राहिले. चप्पल काढली, पाय पुढे केला आणि अगदी तिच्यासारखं म्हटलं, "ये रं बाळा."

ब्रुनोनं कान टवकारले. धावत फाटकाशी गेला आणि शेपूट हलवत रस्त्याकडे बघत बसला.